बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका : संग्रह आणि जतन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात दरवर्षी एखाद्या व्यासंगी वक्त्याचे व्याख्यान व्हावे अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. या वर्षी तो मान कार्यकारी मंडळाने माझ्यासारख्या, जुनी अकरावीची मॅट्रिक उत्तीर्ण होऊन आयुष्यभर मुलांना बाराखडी व पाढे शिकविलेल्या एका निवृत्त शिक्षकास दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नव्हे आणि गायक तर मुळीच नव्हे. शाळेच्या प्रार्थनेला पेटीवर साथ करावी, एवढाच माझा संगीताशी प्रत्यक्ष संबंध. परंतु गेली पस्तीस वर्षे जुन्या ध्वनिमुद्रिका, म्हणजे ज्यांना आपल्या घरांतून ‘प्लेटी’ किंवा ‘तबकड्या’ म्हणत, त्या जमविण्याचा नाद मला आहे. आणि त्यांतही नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या तबकड्यांचा विशेष. या नादातून मला जे कळले ते आपल्यापुढे ठेवावे आणि त्या अनुषंगाने मंडळास एक विनंती करावी, एवढाच माझा हेतू आहे.

सभागृहात तरुण मंडळीही बसली आहेत, म्हणून थोडा पूर्वेतिहास सांगणे प्राप्त आहे. बालगंधर्वांचा जन्म १८८८ सालचा. लहानपणीच त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, असे सांगतात. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले आणि त्यातील भामिनीच्या भूमिकेने त्यांची कीर्ती घरोघर पोचली. १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ‘स्वयंवर’ १९१६ सालचे, ‘एकच प्याला’ १९१९ सालचे, ‘कान्होपात्रा’ १९३१ सालचे. पुढे टेंबे गेले, बोडस गेले, मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला आणि अखेर मंडळीही राहिली नाही. १९६४ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला व १९६७ साली पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

त्या वेळी मी शाळेच्या पहिल्या पायरीवर होतो. सबब, मी बालगंधर्वांना पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले ते माझे वडील व काका आता हयात नाहीत. त्या नाटकांचे भरजरी शालू, रंगविलेले पडदे, प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर, या साऱ्यांच्या आख्यायिका तेवढ्या उरल्या. मंडळीची मालमत्ता गेली, सहकारी पांगले, प्रेक्षक काळाच्या पडद्याआड गेले. उरले काय, तर दहा इंच व्यासाच्या काळ्या तबकडीवर कोरलेला एकट्या गायकाचा आवाज. नाटक मंडळी शंभर माणसांची असते, तबकडी मात्र एकट्याची असते. आणि आश्चर्य हे की, त्या एकट्याच्या तबकडीवरूनच आज आपल्याला त्या शंभरांचा अंदाज बांधावा लागतो.

ही तबकडी म्हणजे आहे तरी काय? तरुण मंडळी तिला प्लॅस्टिकची समजतात. ती प्लॅस्टिकची नव्हे, लाखेची आहे. पळस, बोर, कुसुंब या झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ निर्माण करतात तो शुद्ध करून, त्यात दगडाची बारीक पूड व काजळी मिसळून ही तबकडी दाबून काढीत. छोटा नागपूरच्या रानातील लाख जगभर जात असे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे प्रथम मुद्रित झाले, तेव्हा तबकड्या दाबण्याचा कारखाना आपल्या देशात नव्हता. मुद्रित केलेले मेणाचे ठसे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात व तेथून तबकड्या तयार होऊन परत येत. १९०८ साली कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाला आणि पुढे १९२८ साली डमडमला मोठा कारखाना झाला. आरंभी गायकाला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे. १९२५ नंतर विजेवर चालणारा ध्वनिग्राहक आला आणि आवाजातील बारीक हरकतीही उमटू लागल्या. १९६० च्या सुमारास आपल्याकडे मिनिटास तेहतीस फेऱ्यांच्या लांब तबकड्या रूढ झाल्या आणि १९७० च्या आसपास जुनी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी निघणे बंद झाले.

या जुन्या तबकडीच्या एका बाजूस फार तर साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. आता विचार करा. गंधर्व मंडळीचा खेळ रात्री सुरू व्हावा आणि ‘वन्समोअर’ घेत घेत पहाटेपर्यंत चालावा. एकेका पदाला अर्धा अर्धा तास लागे, असे माझे वडील सांगत. तेच पद साडेतीन मिनिटांत बसवायचे! आम्ही शिक्षक मुलांना सारांशलेखन शिकवितो. उताऱ्याचा एकतृतीयांश करा, मुख्य मुद्दा सुटता कामा नये, फापटपसारा येता कामा नये, असे सांगतो. बालगंधर्वांची तबकडी ऐकताना मला नेहमी वाटते की, सारांशलेखनाचा याहून उत्तम नमुना मराठी भाषेत नाही. मुखडा केव्हा घ्यावा, तान किती घ्यावी, कोणत्या शब्दावर थांबावे, लडिवाळपणा कोठे आणि आर्जव कोठे, याचा हिशेब त्या अल्पावकाशात इतका चोख असतो की काही कमी पडले असे वाटतच नाही. रंगभूमीवर ते पद रसिकांसाठी फुलवीत. तबकडीवर त्यांना स्वतःच निवड करावी लागे. म्हणून ‘या पदाचा गाभा त्यांना स्वतःला कशात दिसत होता?’ या प्रश्नाचे उत्तर आख्यायिकांतून मिळत नाही, ते तबकडीतूनच मिळते.

संग्रह करण्याचे खरे प्रयोजन मला येथे सापडले. एक तबकडी ऐकली तर गाणे ऐकले असे होते. वीस तबकड्या कालानुक्रमे लावून ऐकल्या तर माणूस ऐकला असे होते. ‘स्वयंवरा’तील रुक्मिणीचा स्वर आणि ‘कान्होपात्रे’तील अभंगाचा स्वर यांत केवळ नाटकांचे अंतर नाही, आयुष्याचे अंतर आहे. ‘कान्होपात्रा’ आले तेव्हा बालगंधर्व त्रेचाळीस वर्षांचे होते. तारुण्यातील नखरा ओसरून तेथे शरणागती आली आहे. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही, क्रमाने मांडलेल्या तबकड्यांनी शिकविले.

दुसरी गोष्ट साथीदारांची. कागदी चकतीवर नाव एका गायकाचे असते. परंतु कान देऊन ऐका. त्या काळी गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ होते, सारंगीवर कादरबक्ष होते. ‘स्वयंवरा’च्या चाली भास्करबुवा बखले यांच्या, ‘मानापमाना’च्या गोविंदराव टेंबे यांच्या, ‘कान्होपात्रे’च्या मास्टर कृष्णरावांच्या. एकट्याच्या म्हणविणाऱ्या तबकडीत इतकी माणसे उभी असतात. संग्राहकाचे काम केवळ तबकडी कपाटात ठेवण्याचे नाही. चकतीवर जे छापले नाही ते शोधून वहीत लिहून ठेवण्याचे आहे. माझ्या वहीत प्रत्येक तबकडीस एक पान आहे. कंपनीचे नाव, चकतीवरील क्रमांक, चकतीलगत लाखेत उमटविलेला साच्याचा क्रमांक, नाटक, पद, चाल कोणाची, तबकडी कोणाकडून मिळाली आणि तिची प्रकृती कशी आहे, इतके त्यात असते. तबकडी फुटली तरी पान राहते.

भास्करबुवांचे नाव निघाले म्हणून सांगतो. बालगंधर्वांचे हे थोर गुरू १९२२ साली निवर्तले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. गानसम्राट अल्लादियाखाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते, ध्वनिमुद्रणाचे यंत्र त्यांच्या हयातीत जगभर पसरले होते. तरी त्यांचाही आवाज आपल्यापाशी नाही. महाराष्ट्राच्या संगीतात ज्यांचे नाव प्रातःस्मरणीय, त्यांचा स्वर कसा होता हे सांगण्यास आज एकही माणूस हयात नाही आणि एकही तबकडी नाही. भास्करबुवांचे गाणे कसे असेल याचा काही मागमूस लागायचा तर तो शिष्यांच्या तबकड्यांतूनच लागणार. म्हणजे बालगंधर्वांची एक तबकडी फुटते तेव्हा तिच्याबरोबर गुरूच्या आवाजाची सावलीही नाहीशी होते. जे मुद्रितच झाले नाही त्याबद्दल हळहळण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही. परंतु जे मुद्रित झाले व आपल्या घरांत होते, ते आपण घालवीत आहोत, हे मला आज स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे गिरगाव, दादर, लालबाग, परळ येथील चाळींतून खाडी ओलांडून इकडे आली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली खाडीवरील पूल झाला, १९९२ साली वाशीपर्यंत रेल्वे आली आणि कोणी वाशीस, कोणी नेरुळास, कोणी बेलापुरास घरे घेतली. आता मुले खारघर, उलवे, पनवेल येथे नवी घरे घेत आहेत. प्रत्येक बिऱ्हाड बदलताना घरातील जड आणि जुन्या वस्तू प्रथम सुटतात. पाटा-वरवंटा सुटतो, पितळी हंडे सुटतात आणि माळ्यावरील तबकड्यांची पेटीही सुटते.

आठ वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एक वयोवृद्ध रसिक नेरुळास निवर्तले. त्यांचे नाव मी घेत नाही. कोणास दुखवावे हा हेतू नाही. त्यांच्याकडे नाट्यगीतांच्या व भावगीतांच्या जवळजवळ नव्वद तबकड्या होत्या. मी समाचारास गेलो तेव्हा तेरावे होऊन गेले होते आणि घर आवरून झाले होते. जाड कागदाची पाकिटे रद्दीवाल्याने वजनावर नेली. लाखेच्या तबकडीस भंगारात किंमत येत नाही, म्हणून त्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. मुलांनी मोठ्या आदराने मला वडिलांची एक वही दिली. त्या वहीत सुवाच्य अक्षरात नव्वद तबकड्यांची यादी आहे. त्यांतील अकरा तबकड्या मी आजतागायत अन्यत्र कोठेही पाहिलेल्या नाहीत. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, कोल्हापुरास, सांगलीस, सर्वत्र शोध केला. यादी माझ्यापाशी आहे, गाणे कोणापाशीच नाही. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्या पेटीत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. वाजविण्याचे यंत्र कधीच बंद पडले होते, आणि जी वस्तू वाजत नाही ती घरच्या माणसांच्या दृष्टीने अडगळच ठरते.

याच्या उलट एक उदाहरण देतो. आमच्या इमारतीत एक तरुण अभियंता राहतो. त्यास इंग्रजी ‘रॉक’ संगीताचा छंद. बीटल्स नावाची चौघा इंग्रज गायकांची जगप्रसिद्ध मंडळी १९७० साली फुटली, आपल्याकडील नाटक मंडळ्या फुटत तशीच. त्यांपैकी जॉर्ज हॅरिसन याच्या स्वतंत्र तबकड्या हा तरुण जमवितो. हॅरिसनने पंडित रविशंकर यांच्यापाशी सतारीचे धडे घेतले होते, इतके मला ठाऊक होते. पण या मुलाने मला नवे सांगितले ते असे की, हॅरिसनच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या पहिल्या स्वतंत्र तबकडीचा काही भाग १९६८ च्या जानेवारीत आपल्या मुंबईतच, एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रण कक्षात, आपल्याकडील वादकांना घेऊन मुद्रित झाला. संतूरवादक शिवकुमार शर्मा त्यांत होते. ज्या कंपनीच्या लाल चकतीवरील कुत्रा आपण लहानपणापासून पाहिला, तीच ही कंपनी. आणि ज्यांचे ‘शीळ’ हे गीत एके काळी घरोघर वाजत होते ते आपले भावगीतगायक ग. ना. जोशी हे तिच्या मुंबईतील ध्वनिमुद्रणाचे काम वर्षानुवर्षे पाहात होते.

त्या मुलाची शिस्त पाहून मी थक्क झालो. प्रत्येक तबकडीस आतील व बाहेरील अशी दोन पाकिटे, यादी संगणकावर, हात धुतल्याशिवाय स्पर्श नाही. मी त्यास म्हटले, “बाळ, तुझी तबकडी हरवली तर काय करशील?” तो म्हणाला, “काका, दुसरी मागवीन. जगात लाखो आहेत.” खरे आहे. परदेशात अशा तबकड्या आजही नव्याने निघतात. अमेरिकेत २०२० साली त्यांच्या विक्रीची रक्कम सीडीपेक्षाही वर गेली. आता आपली स्थिती पाहा. मराठी नाट्यपदांच्या जुन्या तबकड्यांचे मूळ साचे सर्वच्या सर्व आज शिल्लक नाहीत. जी गाणी पुढे लांब तबकड्यांवर, कॅसेटवर व सीडीवर आली ती वाचली. जी आली नाहीत त्यांची भिस्त कोणाच्या तरी माळ्यावरील पेटीवर आहे. ज्याची वस्तू लाखोंनी उपलब्ध आहे तो तिला जपतो, आणि ज्यांच्याकडील वस्तू कदाचित शेवटचीच असेल ते आपण तिला कचऱ्याच्या गाडीत घालतो. हा विरोधाभास आहे, आणि तो दूर करणे आपल्याच हाती आहे.

जतनाविषयी थोडे व्यावहारिक बोलतो. तबकड्या एकावर एक रचू नयेत, पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. उन्हात ठेवल्यास त्या वाकतात. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत त्यांवर बुरशी धरते; ती काढण्यासाठी साधे पाणी व सौम्य साबण घेऊन मऊ फडक्याने रेषांच्या दिशेने पुसावे, कागदी चकती भिजू देऊ नये आणि सावलीत वाळवावे. स्पिरिट कदापि लावू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. जुन्या चावीच्या यंत्राची पोलादी सुई प्रत्येक बाजूस नवी घ्यावी. नव्या यंत्रावर वाजवायचे असल्यास जुन्या तबकडीच्या रुंद रेषेसाठी वेगळी सुई मिळते, तीच वापरावी. आणि स्वर अकारण चढा किंवा उतरलेला वाटला तर गायकास दोष देऊ नये. प्रथम यंत्राची गती तपासावी.

परंतु केवळ जपून ठेवणे हे जतन नव्हे. कुलूपबंद कपाटातील तबकडी आणि रद्दीत गेलेली तबकडी यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने फरक नाही. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली. तिने श्रवणाच्या बैठका भरविल्या व नियतकालिक चालविले. मुंबईतच निघणाऱ्या ‘यंग इंडिया’ या जुन्या स्वदेशी छापाच्या तबकड्यांची संगणकीय प्रत करण्याचे काम अशाच संग्राहकांच्या परिश्रमाने व लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने झाले. सामान्य माणसे एकत्र आली तर काय होऊ शकते याचे हे उदाहरण होय.

म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली सूचना शिरगणतीची आहे. आपले मंडळ दरवर्षी ज्ञातिबांधवांची शिरगणती करून पत्ते छापते. त्याच पत्रकात एक प्रश्न वाढवावा : “आपल्या घरी जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत काय? असल्यास किती?” यास एक पैसाही खर्च नाही. दुसरी सूचना श्रवणाची. महिन्यातून एका रविवारी सायंकाळी आपल्या सभागृहात दोन तास तबकड्या वाजवाव्यात. यंत्र मी आणीन. वाशीच्या नाट्यगृहास विष्णुदास भावे यांचे नाव आहे, ज्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ करून मराठी रंगभूमीचा पाया घातला. त्या नावाखालून आपण रोज जातो. त्या परंपरेचा स्वर मुलांच्या कानांवर महिन्यातून एकदा तरी पडावा. तिसरी सूचना प्रती करण्याची. ज्या घरांत तबकड्या आहेत तेथून त्या उसन्या आणून, संगणकावर उतरवून, मूळ तबकडी व एक प्रत त्या घरास परत द्यावी. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. तो काळ संपलेल्या तबकड्यांपासून आरंभ करावा. आमच्या इमारतीतील त्या तरुणाने हे काम विनामूल्य करण्याचे कबूल केले आहे. तो आपल्या ज्ञातीचा नाही. सुरांना ज्ञात नसते, हे मी आपणांस सांगावे असे नाही. खुद्द गंधर्वांच्या साथीला थिरकवाँ होते.

आता माझ्यापुरते सांगून थांबतो. माझ्यापाशी एकूण एकशे बेचाळीस तबकड्या आहेत. पैकी अडतीस बालगंधर्वांच्या. माझी दोन्ही मुले नोकरीनिमित्त परगावी आहेत. ती गुणी आहेत, परंतु त्यांच्या घरात कर्ण्याच्या फोनोस जागा नाही व मी तसा आग्रहही धरीत नाही. उभयतांच्या संमतीने मी असे ठरविले आहे की, हा संग्रह, वहीसह, मंडळाच्या स्वाधीन करावा. अट एकच. तो काचेच्या कपाटात शोभेसाठी ठेवू नये. तो वाजला पाहिजे. मंडळास जागेअभावी हे शक्य नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. मी तो एखाद्या संग्रहालयास देईन, त्यात मला कमीपणा वाटणार नाही. परंतु निर्णय पुढील संमेलनापूर्वी व्हावा. माझे वय आता सदुसष्ट आहे, आणि त्या अकरा तबकड्यांच्या यादीत बारावीची भर माझ्या घरातून पडू नये, एवढीच इच्छा आहे.

घरी गेल्यावर आज प्रत्येकाने एकदा माळ्यावर नजर टाकावी. जड, चौकोनी, धूळ खात पडलेली पेटी दिसली तर ती उघडावी, आणि तिच्यात जे असेल ते टाकण्यापूर्वी मला किंवा मंडळाच्या चिटणिसांस कळवावे.